राखणदाराचं पोट

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

फळ्यावर विषय लिहिलेला आहे, 'घरच्या संगणकासाठी हेरगिरीविरोधी सॉफ्टवेअरची निवड'. हे मराठी माझं नाही. मी चिटणीसांना फोनवर 'स्पायवेअर' म्हणालो होतो, त्यांनी ते सोवळ्यात घेतलं. परिणाम असा झाला की आत येताना दोघांनी मला विचारलं, "बहिर्जी नाईकांवर बोलणार ना?" (हशा) त्यांची काही चूक नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी बसून हेर म्हटलं की माणसाला दुसरं काय आठवणार? तेव्हा बहिर्जींना मुजरा करतो आणि एवढंच म्हणतो, की त्यांना एकेका बातमीसाठी मैलोनमैल तंगडतोड करावी लागली, जिवावर उदार व्हावं लागलं. आपल्या कॉम्प्युटरमधल्या हेराला यातलं काहीच करावं लागत नाही. आपणच 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करत त्याला पाट मांडून देतो. वर रांगोळी.

मला चाळीस मिनिटं दिली आहेत. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे सांगायला खरं म्हणजे पाच पुरतात. पण पाच मिनिटांत बसलो तर आत चहा टाकणाऱ्या ताई रागावतील, म्हणून उरलेली पस्तीस 'का' याच्यावर घालवणार आहे.

आधी एक हजेरी घेतो. कॉम्प्युटरवर अचानक लाल चौकट आली, 'तुमचा पीसी धोक्यात आहे', असं कुणाकुणाच्या घरी झालंय? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. आता त्या लाल चौकटीवर क्लिक कुणी केलं? एकही हात नाही. बँकेत तपासणीला गेलो की असंच व्हायचं. (हशा) तक्रार सगळ्यांची, सही कुणाचीच नाही.

व्हायरस आणि स्पायवेअर यांतला फरक इथे बहुतेकांना माहीत आहे, तरी एका वाक्यात सांगतो. व्हायरस म्हणजे दरोडा, झाला की गल्लीला कळतं. स्पायवेअर म्हणजे माळ्यावर राहिलेला पाहुणा. तो काही मोडत नाही, काही पुसत नाही. तुम्ही कुठल्या साईटवर गेलात, काय टाइप केलंत, पासवर्डची अक्षरं कोणती, ते बघतो आणि बाहेर कळवतो. त्याचा आवाज जितका कमी तितका त्याचा धंदा बरा. म्हणूनच मी नेहमी सांगतो, की जो कॉम्प्युटर बोंब मारतोय त्याची काळजी थोडी कमी करा.

आता माझा मुद्दा. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा तपासणी खात्यात. तिथे आमचे एक साहेब होते. शाखेत गेले की आधी लेजर मागायचे नाहीत. समोरच्या टपरीवर चहा घ्यायचे आणि शाखेसमोर गाड्या कुणाकुणाच्या लागल्यात ते बघायचे. मग मला विचारायचे, "ह्या कॅशियरचा पगार तुला ठाऊक आहे. गाडीची किंमत दिसतेय. मधला फरक कोण भरतं?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी जितकी प्रकरणं काढली तितकी आम्ही रात्र रात्र व्हाउचर तपासून काढली नाहीत. त्यांचा लाडका शब्दप्रयोग होता, 'याचं पोट कशावर भरतं ते बघ.' पतपेढी दोन टक्के जास्त व्याज देतेय? पोट कशावर भरतं बघ. ठेकेदार कमी दरात टेंडर भरतोय? पोट बघ.

निवृत्त झाल्यावर मला कळलं की सॉफ्टवेअर निवडायलाही हाच प्रश्न लागतो. कारण काय, की कॉम्प्युटरची राखण करणारं सॉफ्टवेअर सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मागतं. मागायलाच पाहिजे, त्याशिवाय प्रत्येक फाईल ते तपासणार कसं? तुमची पत्रं, बँकेची स्टेटमेंट, नातवंडांचे फोटो, सगळं त्याच्या डोळ्यांखालून जातं. म्हणजे तुमच्या घरात हेरगिरी करायला सगळ्यांत सोयीची जागा कुठली, तर राखणदाराची. आणि आपण त्याची निवड कशी करतो? पेपरातली जाहिरात बघून, नाहीतर भाच्याने सांगितलं म्हणून.

इथे एक फाटा फोडतो, अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये. १९८६ साली लाहोरमध्ये दोन भाऊ होते, बासित आणि अमजद फारूक अल्वी. त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, डॉक्टरांसाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर केलेलं होतं, आणि लोक त्याच्या चोरून प्रती काढायचे. त्यांना अद्दल घडवायची म्हणून त्यांनी फ्लॉपीवरून पसरणारा एक प्रोग्रॅम लिहिला. तोच 'ब्रेन', पीसीवर जगभर पसरलेला पहिला व्हायरस. त्यात त्यांनी काय लिहिलं होतं? स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर, आणि खाली मजकूर असा, की या व्हायरसपासून सावध राहा आणि लशीसाठी आमच्याशी संपर्क साधा. म्हणजे या धंद्यात पहिल्या दिवसापासून रोग आणि औषध एकाच पत्त्यावर! त्या दोघांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, वाईट हेतूचा माणूस फोन नंबर देत नाही. पण पुढच्यांना वाट दिसली.

आणि दुसरे दोन भाऊ आपल्या सातारा जिल्ह्यातले. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे दुरुस्तीला कॉम्प्युटर यायला लागले, त्यांत व्हायरस असायचे. धाकटे संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले. मायकेलअँजेलो नावाचा एक व्हायरस तेव्हा फार गाजत होता, त्याच्यावरचाही उतारा त्यात होता. थोरल्याने ओळखलं की दुरुस्तीपेक्षा हे विकलं जाईल. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. लाहोरच्या भावांनी सोडलेला प्रोग्रॅम आणि साताऱ्याच्या भावांनी केलेला उतारा, यावर एखाद्याने खरं तर पोवाडा रचायला पाहिजे. मला गाता येत नाही म्हणून तुम्ही वाचलात.

आता मी स्वतः या सगळ्यात कसा पडलो ते सांगतो. ही गोष्ट घरात सांगायला मला बंदी आहे.

२००५ साली मी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करायला घेतला. नऊ पिढ्या, वाई, कोरेगाव, मेढा, आणि एक शाखा इंदूरला गेलेली. आमच्या थोरल्या काकांकडे मोडीतल्या जुन्या वह्या होत्या. रविवारी सकाळी ते चष्मा पुसत पुसत वाचून सांगायचे आणि मी टाइप करायचो. 'याला दोन मुलगे, धाकटा दत्तक गेला, थोरल्याचं नाव पुसट आहे, पुढे बघू.' अशी तीन वर्षं. काका एखाद्या नावापाशी थांबले की त्या माणसाने विहीर कुठे खणली, भांडण कुणाशी झालं, सगळं सांगायचे. तेही मी कंसात लिहीत गेलो. छापलं असतं तर निम्मे नातेवाईक कोर्टात गेले असते.

छापायचं म्हटलं तेव्हा छापखान्यातला डीटीपीवाला म्हणाला, आमच्या फॉन्टमध्ये आणा. तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी सारखंच दिसेल अशी पद्धत, आलेलं होतं, पण छपाईवाले त्याला शिवत नव्हते. त्यांचे फॉन्ट वेगळे, कीबोर्ड वेगळा. ते सॉफ्टवेअर रीतसर घ्यायचं तर कॉम्प्युटरच्या मागे डोंगल नावाचं बोंडूक लावावं लागायचं, त्याशिवाय ते चालायचं नाही, आणि किंमत हजारांत. मी तपासणी अधिकारी, सरळमार्गी माणूस. मग सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. (हशा) ओळखीच्या एका पोराने तीस रुपयांत सीडी दिली. डोंगल नको, बोंडूक नको, फक्त क्रॅक नावाची, सॉफ्टवेअरचं कुलूप फोडणारी एक फाईल आधी चालवायची. आणि त्या सीडीवर एक चिठ्ठी होती इंग्रजीत. तिचा मराठीत अर्थ असा, की 'क्रॅक चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा'.

मंडळी, एखादा कर्जदार मला म्हणाला असता, की साहेब, कर्ज मंजूर करा, फक्त तारण बघायला येऊ नका, तर मी त्याला दारातून परत पाठवला असता. आणि इथे मी निमूट अँटिव्हायरस बंद केला. का? तर मला मराठीत 'श्री' लिहायचं होतं.

मग सुरू झालं. इंटरनेट एक्स्प्लोरर उघडला की माझं नेहमीचं पान जाऊन भलतंच सर्चचं पान यायला लागलं. मी बदलायचो, ते पुन्हा परत. वर एक टूलबार आला, मग दुसरा, मग तिसरा. शेवटी तीन पट्ट्यांच्या खाली वेबसाईट बघायला चार बोटं जागा उरली. आमच्या चिरंजीवांना त्याच्या आधी एक जांभळा गोरिला आवडायचा, बॉन्झी बडी त्याचं नाव. स्क्रीनवर बसून विनोद सांगायचा आणि मागच्या मागे माहिती गोळा करायचा. गेटर म्हणून दुसरं एक होतं, ते तुमचे फॉर्म भरून द्यायचं, पासवर्ड लक्षात ठेवायचं, आणि त्या बदल्यात तुम्ही कुठे फिरता ते बघून जाहिराती लावायचं. तेव्हा आमच्या घरी त्याला कुणी हेरगिरी म्हणत नव्हतं, 'सोय' म्हणत होते. पण गोरिला निदान तोंडदेखला हसायचा तरी. माझ्याकडे आलेले हसतही नव्हते.

आणि मग एके रात्री ती लाल चौकट. 'आपल्या संगणकात २७४ धोके सापडले आहेत.' मोजून २७४! मला आकड्यांचा फार विश्वास, नोकरीच ती. कुणी 'खूप धोके' म्हटलं असतं तर मी बंद करून झोपलो असतो. तिथे प्रत्येक धोक्याचं नाव, तीव्रता, तांबडं-पिवळं असं सगळं व्यवस्थित तक्त्यात मांडलेलं. आमच्या शाखांचे तक्ते कधी इतके व्यवस्थित नसायचे. खाली बटण, 'पूर्ण आवृत्ती विकत घ्या'. एकोणपन्नास डॉलर आणि वर काही सेंट, म्हणजे तेव्हाचे दोन हजारांच्या पुढे. चिरंजीवांना पुण्याला फोन केला, त्यांच्या कार्डाचा नंबर मागितला. त्यांनी विचारलं, "बाबा, कशासाठी?" मी म्हटलं, "सुरक्षिततेसाठी." पैसे भरले आणि २७४ चे शून्य झाले. तीन सेकंदांत! मला त्या रात्री फार शांत झोप लागली. आठ दिवसांनी ३११.

ते सॉफ्टवेअर कोणतं हे सांगणार नाही, लाज वाटते. पण एकटा मीच नव्हतो, हे पुढे वाचलं तेव्हा थोडं बरं वाटलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २००८ मध्ये अशाच एका टोळीवर कारवाई केली. विनफिक्सर, ड्राइव्हक्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशी नावं बदलत ते हा माल विकायचे आणि गिऱ्हाईक होतं १० लाखांहून जास्त. त्यात खरं काहीच नव्हतं. स्कॅन खोटा, आकडे खोटे. आत्ता साहेबांचा प्रश्न लावून बघा. याचं पोट कशावर भरतं? भीतीवर. मग तो भीती कमी कशाला करेल?

शेवटी कॉम्प्युटर चालू व्हायला वीस मिनिटं घ्यायला लागला, तेव्हा मी तो दुचाकीवर मागे सौभाग्यवतींच्या मांडीवर देऊन दुरुस्तीच्या एका दुकानात नेला. तिथल्या पोराने पाच मिनिटं बघितलं आणि या क्षेत्रातला महामंत्र म्हटला, "काका, फॉरमॅट मारायला लागंल." म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने भरायचं. तुम्हाला सर्दी होऊ दे, कॉम्प्युटरला सर्दी होऊ दे, फॉरमॅट. प्रिंटर चालत नाही? फॉरमॅट. मी विचारलं, माझ्या फाईल? तो म्हणाला, "काळजी करू नका, माय डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेतो." घेतला, अगदी प्रामाणिकपणे घेतला. पण ते चोरीचं फॉन्टवालं सॉफ्टवेअर आपल्या फाईली माय डॉक्युमेंट्समध्ये ठेवायचंच नाही, सी ड्राइव्हवर स्वतःच्याच फोल्डरात ठेवायचं. हे त्याला माहीत नव्हतं आणि मला तर सी ड्राइव्ह म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

साडेतीनशे रुपये झाले. कॉम्प्युटर नव्यासारखा. नऊ पिढ्या साफ.

मी पुन्हा टाइप करायला बसलोही असतो. पण मोडी वाचणारे काका आदल्या वर्षीच गेले होते.

आणि जाता जाता त्या पोराने काय केलं माहितेय? "काका, वरून एक अँटिव्हायरस फुकट टाकलाय बरं का." मी घरी येऊन बघितलं, तर तोही क्रॅक केलेला! (हशा) मंडळी, हसा, पण ही पद्धत अजून गेलेली नाही. आजही जुना लॅपटॉप दुकानात दिला की विंडोज नि ऑफिस 'अॅक्टिव्हेट' करून मिळतं, कुणी पावती मागत नाही, आणि ते अॅक्टिव्हेट करणारं साधन कुठून आलं हे कुणी विचारत नाही. कुलूप चोराकडून घ्यायचं आणि किल्ली त्याच्याकडे नसेल असं समजायचं. मी त्या पोरावर चिडलो नाही. त्याला दिवसाला दहा कॉम्प्युटर बघायचे असतात. मी चिडलो ते...

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'आठ मिनिटे.' खाली दोन रेघा. बरं, म्हणजे माझी पाच मिनिटं अजून शाबूत आहेत. आता भराभर.

भीतीवर पोट भरणारे झाले. दुसरा प्रकार फुकटवाले. सगळे फुकटवाले वाईट नसतात, पण फरक कोण भरतं हे विचारा. अवास्ट हे फुकट अँटिव्हायरसमधलं मोठं नाव, कोट्यवधी लोक वापरायचे, कामही चांगलं करायचं. जानेवारी २०२० मध्ये बाहेर आलं, की लोक कुठल्या साईट बघतात ही माहिती ते जम्पशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकत होते. जम्पशॉट लगेच बंद केली, आणि २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर बसवले. म्हणजे हेर पकडायला ठेवलेला राखणदार रात्री घरातली डायरी वाचून बाजारात विकत होता. माझा सगळा मुद्दा या एका उदाहरणात आहे, आणि मी तो टूलबारच्या गोष्टीत घालवला. असो.

तिसरे वर्गणीवाले. वर्षाचे पैसे घेतात, पोट उघड आहे, मला त्यात गैर वाटत नाही. फक्त दोन गोष्टी बघा. पहिल्या वर्षाचा भाव आणि दुसऱ्या वर्षाचा भाव सारखा आहे का, आणि मुदत संपत आली की ते तुम्हाला कळवतात की घाबरवतात. शिवाय मालक कोण, त्याच्यावर हुकूम कुणाचा चालतो, हाही पोटाचाच प्रश्न आहे. २०२४ मध्ये अमेरिकेने रशियाच्या कॅस्परस्की अँटिव्हायरसच्या विक्रीवर बंदी घातली. व्हायरस पकडत नाही अशी तक्रार नव्हती. भीती ही, की रशियन सरकारने किल्ल्या मागितल्या तर कंपनी काय करेल.

चौथा, विंडोजमध्येच असलेला डिफेंडर. हे मूळचं मायक्रोसॉफ्टचं नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये त्यांनी जायंट नावाची छोटी कंपनी घेतली, तिचं स्पायवेअर काढायचं साधन होतं, त्याचा पुढे डिफेंडर झाला. आधी तो फक्त स्पायवेअरच बघायचा, २०१२ मध्ये विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस झाला. त्याचं पोट विंडोजवर. ज्याचा वाडा त्याचाच राखणदार, वाडा लुटला गेला तर नाव त्याचंच जातं. मायक्रोसॉफ्ट साधू नाही, जाहिराती दाखवतं, माहितीही घेतं. पण ती तुम्ही विंडोज वापरता तेव्हाच देऊन बसलात. मग राखणीसाठी आणखी एका परक्याला सगळ्या खोल्या कशाला दाखवायच्या? म्हणून माझं उत्तर साधं आहे, घरगुती वापराला डिफेंडर पुरे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, सगळीकडे हिरवी खूण आहे का बघा, 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू ठेवा म्हणजे कुणी परस्पर बंद करू शकणार नाही. 'पोटेन्शियली अनवाँटेड अॅप ब्लॉकिंग', म्हणजे नको असलेली अॅप अडवणं, तेही चालू करा. माझे तीन टूलबार त्यातच अडले असते.

राखणदार एकच ठेवा. दोन ठेवले तर ते चोर सोडून एकमेकांना धरतात आणि कॉम्प्युटर चालत नाही. दुसरा अँटिव्हायरस घातला तर डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो, तो त्याचा समंजसपणा. पण महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हरकत नाही. मालवेअरबाइट्सचं फुकट स्कॅन आहे, ते चालवा आणि संपलं की बंद करा. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथेही सफाईची साधनं फुकट मिळतात. नाव अगदी बरोबर टाइप करा, जाहिरातीतल्या लिंकवरून जाऊ नका.

विकतचंच घ्यायचं असेल तर कोणतं? आपल्याकडे कंदी पेढ्याच्या प्रत्येक दुकानावर 'अस्सल' लिहिलेलं असतं आणि अँटिव्हायरसच्या प्रत्येक खोक्यावर 'नंबर वन'. पेढा आपण पाटी वाचून घेत नाही, चिमूटभर तोंडात टाकतो. सॉफ्टवेअर असं चाखता येत नाही. ते काम जर्मनीत माग्डेबुर्गला एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ज या प्रयोगशाळा करतात, निकाल फुकट बघायला मिळतात. त्यात किती पकडले एवढंच बघू नका, निरपराध फाईल किती वेळा धरल्या तेही बघा. काटकरांचं गाववाले म्हणून घेऊ नका आणि गाववाले म्हणून नाकही मुरडू नका, त्यांचाही निकाल बघा.

विंडोज १० वापरणारे हात वर करा. बरेच आहेत. त्याचे फुकटचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापराला नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळते, ती घ्या, तोवर पुढचं ठरवा. भिंतीला भगदाड असेल तर राखणदार काय करणार? रोजच्या वापराला अॅडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं वापरू नका, वेगळं साधं खातं काढा, म्हणजे काहीही बसवायच्या आधी पासवर्ड विचारला जाईल आणि आपण क्षणभर थांबू. ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं, म्हणजे एक्स्टेन्शन्स, त्यांतली न वापरलेली आज रात्रीच काढा. आणि बॅकअप, माय डॉक्युमेंट्सचा नाही, सगळ्याचा, वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात.

शेवटचं. आजकालचा हेर सॉफ्टवेअरमधून शिरायची तसदी घेत नाही, फोन करतो. 'बँकेतून बोलतोय, केवायसी संपलंय, हे अॅप घ्या आणि समोरचे नऊ आकडे सांगा.' ते स्क्रीन दाखवणारं अॅप चांगल्या कंपनीचं असतं, कायदेशीर असतं, म्हणून कुठलाही अँटिव्हायरस त्याला अडवेलच असं नाही. बोलावणं तुमचं आहे. बँक असा फोन करत नाही, हे मी चौतीस वर्षांच्या नोकरीवर हात ठेवून सांगतो. चुकून दिलेच आकडे, तर आधी इंटरनेट बंद, मग १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मुलांना. हा क्रम बदलू नका. मुलांना आधी फोन केला की अर्धा तास बोलणी खाण्यात जातो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

झालं. मागून काहीतरी विचारतायत... कुलवृत्तांताचं पुढे काय झालं? सॉफ्टवेअर सोडून बरोबर तेच लक्षात राहिलं! (हशा)

सांगतो, एक मिनिट, अध्यक्षमहाराज. गेल्या दिवाळीत माळा साफ करताना एक सीडी सापडली. डीटीपीवाल्याला नमुना म्हणून दिलेली पहिल्या चार पिढ्यांची फाईल तिच्यात होती. सीडी चालली, फाईल उघडली. पण तो फॉन्ट आता माझ्याकडे नाही. त्यामुळे मूळपुरुषाच्या नावाच्या जागी एक प्रश्नचिन्ह, दोन स्वल्पविराम आणि ब्रिटिश पौंडाची खूण दिसते. चारही पिढ्या तशाच, पौंडांत उभ्या आहेत. ते वाचायला तोच जुना फॉन्ट पाहिजे. चिरंजीवांनी शोधून काढलं, म्हणाले, "बाबा, नेटवर आहे, फुकट आहे. फक्त डाउनलोड करताना डिफेंडर बंद करावा लागेल."

मी अजून केलेला नाही. या सभागृहात जुने छापखानेवाले कुणी असतील आणि कुणाकडे तो फॉन्ट डोंगलसकट, पावतीसकट पडून असेल, तर चहाच्या टेबलापाशी मला भेटा. मी सीडी खिशातच आणली आहे.